परदेशी निघालेले मूल

बंगळूरच्या पूर्वेस व्हाइटफील्ड नावाचे उपनगर आहे. आज तेथे संगणक-कंपन्यांच्या उंच इमारती दिसतात; परंतु १८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराज वाडियार यांनी ती जमीन अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या वसाहतीसाठी दिली होती. वर्तुळाकार रस्ता आणि त्याच्या कडेने बागांनी वेढलेली घरे, असे ते टुमदार खेडे होते. १९४७ नंतर या समाजातील अनेक कुटुंबे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा या देशांत निघून गेली. कित्येक वडीलधारी माणसे इंग्लंडलाच आपले घर म्हणत; पण मुलांनी ते पाहिलेलेही नव्हते. मुलाचे घर म्हणजे अंगणातले झाड, पायरीवरचा कुत्रा आणि शेजारचा सोबती.

आज त्याच बंगळूरहून पुष्कळ तरुण कुटुंबे, त्यांत मराठीही, नोकरीनिमित्त परदेशी जातात. पारपत्रे, तिकिटे, सामानाची विक्री या धांदलीत मुलाशी बोलावयाचे राहून जाते. पेट्या भरू लागल्या म्हणजे त्याला उमगते. मग ते हट्ट करते, रात्री अंथरूण ओले करते, अथवा अगदी गप्प होते. हा खोडसाळपणा नव्हे. हे दुःख होय.

अशा वेळी आपण काय करावे? निघण्याची गोष्ट त्याला पुरेशी आधी सांगावी. "चार दिवसांत परत येऊ" अशी खोटी समजूत घालू नये; ती उघडी पडली म्हणजे मुलाचा आपल्या शब्दावरील विश्वास उडतो. एक लहानशी पेटी त्याने स्वतःच्या मर्जीने भरावी. फुटकी मोटार निघाली तरी हसू नये. शाळेचा, सोबत्यांचा आणि आजी-आजोबांचा निरोप त्याला सावकाश घेऊ द्यावा. रडू आले तर रडू द्यावे. पुढे आजीशी बोलण्याचा वार ठरवून तो पाळावा.

आणि घरात मराठी बोलणे सोडू नये. १९४८ नंतर कोकण-मुंबईतील कितीतरी बेने इस्राएल कुटुंबे इस्राएलला गेली. तेथेही 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघाले. घराच्या भिंती मागे राहतात. घरची भाषा मात्र मुलाबरोबर जाऊ शकते. तेवढी शिदोरी त्याला अवश्य द्यावी.