कौल डावाही पडता आला पाहिजे : भोर, जुनागढ, सिक्कीम आणि गोवा

१/ भोरचा राजवाडा आज अनेकांना चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे ठाऊक आहे. याच वाड्यातून चालणारे पंतसचिवांचे संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. प्रजेचे मतदान झाले नाही. त्याआधी अवघे १७ दिवस, २० फेब्रुवारी १९४८ रोजी, जुनागढमध्ये मात्र ‘भारत की पाकिस्तान’ या प्रश्नावर सार्वमत झाले. एकीकडे मतपेटी, दुसरीकडे केवळ स्वाक्षरी. यातले वैध कोणते? #थ्रेड

२/ समाजमाध्यमांवर या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते. मतदान झाले म्हणजे वैध, आणि टक्केवारी जितकी मोठी तितकी वैधता पक्की. हे उत्तर चुकीचे आहे. मावळात आणि कोकणात देवाला कौल लावतात. तो उजवाही पडू शकतो आणि डावाही, म्हणूनच त्याला कौल म्हणायचे. डावा पडूच नये अशी तजवीज करून लावलेला कौल हा कौल नव्हे. सार्वमताचेही तसेच आहे.

३/ प्रथम भोर. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात सचिवपद मिळालेल्या शंकराजी नारायणांच्या घराण्याचे हे संस्थान. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड हे त्याचे पाच तालुके. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. स्वराज्याची पहिली पावले ज्या डोंगरांत उमटली, तो वेल्ह्याचा मुलूख याच संस्थानात होता.

४/ १९४७ च्या सामीलनाम्यांनी संस्थानिकांनी सामान्यतः तीनच विषय केंद्राकडे सोपवले : संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण. विलीनीकरण ही त्यापुढची आणि फार मोठी पायरी होती. तीत संस्थानाचे स्वतंत्र अस्तित्वच संपत होते. तो करार संस्थानिक आणि भारत सरकार यांच्यात होई. त्यात तनख्याची तरतूद असे, राजाच्या खाजगी मिळकतीची असे. प्रजेच्या स्वाक्षरीसाठी त्या कागदावर जागा नव्हती.

५/ ‘भोरच्या लोकांनी मतदान केले असते तरी भारतच निवडला असता,’ असे यावर म्हटले जाते. ते खरेच असावे. परंतु भोरपुढचा प्रश्न ‘भारत की परदेश’ असा नव्हताच. मुंबई प्रांतात मिसळायचे, की औंध, फलटण, सांगली या शेजाऱ्यांसह दक्षिणी संस्थानांचा संघ उभारायचा? त्या संघाचा प्रयत्न १९४७ मध्ये प्रत्यक्ष झालाही होता. याविषयी वेल्ह्याच्या शेतकऱ्याचे आणि पालीच्या व्यापाऱ्याचे मत एकच असते, असे कोणी ठरवले?

६/ संस्थान विलीन झाले आणि त्याची फाळणीही झाली. भोर आणि वेल्हे पुणे जिल्ह्यात गेले. सह्याद्रीखालचा सुधागड कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात गेला. शतकानुशतके एका कारभारात असलेला मुलूख घाटमाथ्यावर तोडला गेला. सोयीच्या दृष्टीने ते योग्यही असेल. पण सोय आणि संमती या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

७/ आता जुनागढ. नवाब महाबतखान यांनी १५ ऑगस्ट १९४७ रोजी पाकिस्तानात सामील होण्याचे जाहीर केले. प्रजा बहुसंख्येने हिंदू होती. मुंबईत सामळदास गांधी यांच्या नेतृत्वाखाली आरझी हुकूमत स्थापन झाली, नवाब कराचीला गेले आणि ९ नोव्हेंबरला भारताने कारभार हाती घेतला. सार्वमत त्यानंतर साडेतीन महिन्यांनी झाले.

८/ आकडे असे : नोंदलेले मतदार २,०१,४५७; प्रत्यक्ष मतदान १,९०,८७०; पाकिस्तानच्या बाजूने ९१. हजारो नव्हे, शेकडो नव्हे, ९१. हा आकडा आजही अभिमानाने मिरवला जातो. वास्तविक त्याने अभिमानापेक्षा विचार जागा व्हायला हवा.

९/ संस्थानच्या लोकसंख्येत सुमारे एक-पंचमांश मुस्लिम होते. त्या सर्वांसह संपूर्ण जुनागढमध्ये अवघ्या ९१ जणांनाच पाकिस्तान हवे होते काय? की नवाब पळालेला, कारभार भारताच्या हाती आणि फाळणीच्या कत्तली ताज्या असताना, विरोधी मत टाकण्याचे धैर्य तेवढ्यांनीच केले? बहुमत भारताच्या बाजूने होते, यात शंका घेण्याचे कारण नाही. पण त्या बहुमताचे खरे माप ९१ हा आकडा देत नाही. विरोधकाच्या मनातले त्याने मोजलेच नाही.

१०/ सिक्कीमचे प्रकरण याहून अवघड. ९ एप्रिल १९७५ रोजी भारतीय लष्कराने चोग्याल पाल्देन थोंडुप नामग्याल यांच्या राजवाड्याच्या रक्षकांना निःशस्त्र केले. दुसऱ्या दिवशी विधानसभेने ठराव केला. १४ एप्रिलला मतदान. डोंगराळ प्रदेश, विखुरलेली खेडी आणि प्रचाराला चार दिवस. निकाल : बाजूने ५९,६३७, विरोधात १,४९६.

११/ शिवाय प्रश्नातच गाठ मारलेली होती. चोग्यालपद रद्द करणे आणि भारताचा घटक होणे, या दोन्हींसाठी मिळून एकच ‘होय’ किंवा ‘नाही’. राजा नको, पण देश स्वतंत्र हवा, असे ज्याला वाटे त्याने मत कुठे टाकायचे? त्याच्यासाठी मतपत्रिकेवर जागाच नव्हती.

१२/ रशियाने मार्च २०१४ मध्ये क्रिमियात सार्वमत घेतले, तेव्हा हेच आक्षेप जगाने घेतले. रस्त्यावर सैनिक, तयारीला अत्यल्प अवधी आणि ‘आहे तसेच राहू द्या’ हा पर्याय मतपत्रिकेवर नाही. तिथले जाहीर प्रमाण सुमारे ९७ टक्के होते. सिक्कीमचे ९७.५ टक्के. क्रिमियाला नाक मुरडणाऱ्याने सिक्कीमच्या आकड्यावर टाळ्या पिटणे हा दुटप्पीपणा होय.

१३/ यावरचे उत्तर ठाऊक आहे, आणि ते पोकळ नाही. १९७४ च्या निवडणुकीत काझी लेंडुप दोर्जी यांच्या पक्षाने ३२ पैकी ३१ जागा जिंकल्या होत्या. राजसत्तेविरुद्धचा असंतोष खरा होता. परंतु त्याच काझींच्या पक्षाला १९७९ मध्ये एकही जागा मिळाली नाही. मोरारजी देसाई यांनी पंतप्रधान असताना, १९७८ मध्ये, या विलीनीकरणाविषयी जाहीर खेद व्यक्त केला. देशाच्या पंतप्रधानाला जे बोलता आले, ते बोलणाऱ्या आजच्या नागरिकाला देशद्रोही ठरवण्याचे कारण नाही.

१४/ आता मराठी मनाला बोचणारे उदाहरण : गोवा. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे? निशाण्या दोन : विलीनीकरणाला फूल, विरोधाला दोन पाने. विलीनीकरणवादी मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांना त्याआधी, डिसेंबर १९६६ मध्ये, राजीनामा द्यावा लागला; सत्तेचा वापर मतदानासाठी होऊ नये, ही विरोधकांची मागणी होती. आपली बाजू जिंकावी म्हणून धडपडणाऱ्याने मतदानापूर्वी खुर्ची सोडली, हे जुनागढात घडले नव्हते आणि पुढे सिक्कीममध्येही घडले नाही.

१५/ निकाल : विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, विरोधात १,७२,१९१. फरक ३४,०२१. अवघ्या काही आठवड्यांनी त्याच मतदारांनी बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा सत्ता दिली. नेता हवा, पण त्याचा मुख्य आग्रह नको, इतके बारीक विवेचन मतदारांनी केले. कारण दोन प्रश्न दोन वेगळ्या दिवशी विचारले गेले होते.

१६/ गोव्याचा कौल निर्दोष नव्हता. मुंबईत राहणाऱ्या गोमंतकीयांना मत नव्हते. पूर्ण घटकराज्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता. ते राज्य १९८७ मध्ये झाले. तरीही या चारांत हरण्याची शक्यता असलेला कौल हा एकच, आणि त्यात महाराष्ट्राची इच्छा हरली. ५४ टक्क्यांचा तो निकाल ९९ टक्क्यांच्या निकालापेक्षा अधिक भक्कम आहे. हरलेल्या ४३ टक्क्यांचीही मोजणी तिथे प्रामाणिकपणे झाली.

१७/ मग सार्वमत नसलेले भोर अवैध ठरते काय? नाही. संस्थानिकांच्या राज्यात प्रजेला सार्वभौम अधिकार नव्हताच. तो विलीनीकरणानंतर मिळाला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भोर-वेल्ह्याच्या प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मत मिळाले, आणि त्यानंतर प्रत्येक निवडणुकीत सत्ताधाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क टिकला. भोरच्या विलीनीकरणाची वैधता १९४८ च्या स्वाक्षरीत नाही, या टिकलेल्या हक्कात आहे. सिक्कीमलाही जी वैधता आहे ती १४ एप्रिलची नाही, पुढच्या निवडणुकांची आहे.

१८/ म्हणून कोणत्याही सार्वमताचा निकाल वाचण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. मतदानाच्या दिवशी बंदूक आणि कारभार कोणाच्या हाती होता? मतपत्रिकेवर खरा ‘नाही’ होता काय? आणि ‘नाही’ जिंकला असता, तर तो मानला गेला असता काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर टक्केवारी वाचण्याचे श्रम घेऊ नयेत.

१९/ वेल्हे तालुक्याचे नाव अलीकडे ‘राजगड’ झाले. केवळ नाव बदलायचे होते, तरी गावोगावच्या ग्रामपंचायतींचे ठराव मागवले गेले. १९४८ मध्ये याच गावांचे राज्य बदलले, जिल्हा बदलला, कायदे बदलले, आणि एकाही गावाचा ठराव कोणी मागितला नाही. विलीनीकरण योग्यच होते. परंतु ‘लोकांनी ठरवले’ हे वाक्य भोरच्या इतिहासात १९४८ च्या पानावर लिहू नये. ते १९५२ च्या पानावर लिहावे.