मी कन्हान नदी बोलतेय (आठ मार्कांसाठी)

मागच्या शनिवारी कन्हानला घरी गेलो होतो. दुपारी जेवून जरा आडवा होणार, तेवढ्यात दहावीतल्या भाचीने वही पुढे केली. "मामा, निबंध चेक करून द्या ना." विषय 'मी नदी बोलतेय'. मॅडमनी आपल्या गावची नदी घ्यायला सांगितलं होतं, म्हणून पोरीने पहिल्या ओळीत 'कन्हान' हे नाव घातलं होतं. बाकीची नदी गाईडमधली. ती बर्फाच्छादित शिखरांतून उगम पावत होती, अल्लडपणे बागडत होती, आणि शेवटी हात जोडून "मानवा, आता तरी जागा हो" म्हणत होती.

आमची कन्हान उगम पावते सातपुड्यात, छिंदवाडा जिल्ह्यात. तिथे बर्फ बघायचा तर उन्हाळ्यात रसवंतीवर जावं लागतं.

बरं, हे सोडा. या नदीचं पाणी नागपूर पितं, त्याचा निबंधात पत्ता नाही. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि ती राख वाहत आमच्या नदीत आली, तेव्हा ही पोरगी शाळेतच जात होती. त्याचाही पत्ता नाही. रेतीचे टिप्पर रोज डोळ्यासमोरून जातात (आमच्याकडे वाळू नाही, रेती म्हणतात), तेही नाहीत. मी विचारलं, "काऊन गं, हे काहीच नाही लिहिलं?"

"मामा, ते तर सगळ्यांनाच माहीत आहे. आणि तसं लिहिलं तर मार्क कापते ना मॅडम."

मग थोडं थांबून म्हणाली, "आणि रेती काढू नका असं लिहिलं तर माझी मैत्रीण काय म्हणेल? तिचे बाबा टिप्परवर आहेत. अन् मामा, आपल्या घराचा वरचा मजला कोणत्या रेतीचा आहे?"

मंडळी, मी गप्प. अख्ख्या वहीत जे नव्हतं ते या एका वाक्यात होतं. स्वतःचा अनुभव होता, समोरच्याची बाजू होती, आणि स्वतःलाच अडचणीत आणणारा प्रश्नही होता. आणि नेमकं हेच वाक्य उत्तरपत्रिकेत लिहायची सोय नाही!

दहावीचा मराठीचा लेखी पेपर ८० मार्कांचा. त्यात प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक यांपैकी एकाला ८ मार्क. आता आत्मकथन कुणाचं? फाटक्या छत्रीचं, पडक्या विहिरीचं, जुन्या पुस्तकाचं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला जगातल्या यच्चयावत वस्तूंच्या वतीने बोलायला शिकवतात, फक्त त्याला स्वतःला सोडून. प्रसंगलेखनात म्हणे तुम्ही समारंभाला हजर होतात अशी कल्पना करा. अरे, तो जिथे खरोखर हजर होता तिथलं विचारा की! आणि वैचारिक म्हणजे 'मोबाईल शाप की वरदान'. चार फायदे, चार तोटे, शेवटी 'अति तेथे माती', संपला विचार. कुणाचं काही खोडून काढायचं नाही, कशावर ठाम राहायचं नाही.

२०१८ साली दहावीची नवी पुस्तकं आली. 'स्वमत' नावाचे प्रश्न बघून मला खरंच आनंद झाला होता. नंतर गाईड उघडून पाहिलं तर त्यात स्वमताची उत्तरं छापलेली. माझं स्वतःचं मत, पाठ करण्यासाठी तयार :-)

सगळ्यात जास्त राग येतो तो रसग्रहणाचा. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये, तीन परिच्छेद झाले की मार्क. कवीने हाच शब्द का घेतला, दुसरा घेतला असता तर काय बिघडलं असतं, हे विचारायचं नाही. ही ओळ जमली नाही असं म्हणणं तर पापच. त्याच पेपरात जाहिरात लिहायला शिकवतात. यमक जुळवा, 'त्वरा करा' लिहा, सवलत टाका. उत्तम! पण ती जाहिरात माझ्या आईला नको असलेला मिक्सर कशी विकते, कुठला शब्द कुठे चिमटा काढतो, हे उलगडून दाखवायला कुणी शिकवत नाही. पोट्ट्यांना जाहिरात लिहिता येते, ओळखता येत नाही. पुढे निवडणुकीतलं भाषण आणि फोनवर आलेला फॉरवर्ड यांच्यापुढे ती निहत्थी.

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये इंग्रजीचा एक एपी कोर्स असतो. त्याच्या परीक्षेत तीन निबंध. एकात दिलेले स्रोत वापरून स्वतःची बाजू मांडायची, एकात दुसऱ्याचा उतारा वाचकाला कसा वळवतो ते उलगडायचं, एकात सरळ युक्तिवाद. तिथेही त्याचे साचे होतात, क्लासवाले असतात, सगळं मान्य. पण निदान प्रश्न तरी बरोबर विचारतात.

आमच्या धंद्यात याची किंमत रोज मोजतो. नवीन भरती झालेली पोरं कोड झकास लिहितात. बग रिपोर्ट लिहायला सांगा: "चालत नाही, काइंडली डू द नीडफुल." मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि मला कशावरून अमुक शंका येते, एवढ्या चार गोष्टी. हेच ते स्वानुभव आणि युक्तिवाद, वेगळं काही नाही. डिझाइनमध्ये 'हेच का, ते का नाही' असं विचारलं की पोरं फायदे-तोट्यांचा तक्ता आणून ठेवतात. निर्णय? 'दोन्हींचे आपापले महत्त्व आहे.' दहावी डोकावते बाप्पा!

यावर माझी बहीण भडकली. (ती शिक्षिका नाही, पण दहावीच्या मुलीची आई म्हणजे शिक्षिकेच्या वरची पोस्ट.) तिचं म्हणणं असं की वर्गात साठ पोरं, निम्म्यांच्या घरात पुस्तक नाही. साचा आहे म्हणून त्यांना आठातले चार-पाच तरी मिळतात. 'मनातलं लिहा' म्हणशील तर डॉक्टरांची पोरं पुढे जातील आणि खदानीतल्या मजुराचं पोरगं कोरा कागद देईल. तपासणाऱ्यानेही कुणाच्या मनाला किती मार्क द्यायचे?

मुद्दा खोटा नाही. मी स्वतः त्याच साच्यावर पास झालोय. पण घरात पुस्तक नसलेल्या पोरांना स्वतःचं लिहिता येत नाही, हे मला मान्य नाही, कारण मराठीत याचा पुरावा १८५५ सालापासून आहे. फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे, मांग समाजातली, वय साधारण चौदा. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध त्या वर्षी 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यात ती छप्पर नसलेल्या घरात बाळंत होणाऱ्या बायकांबद्दल लिहिते, म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं. मग वेदांवर फक्त आमचाच हक्क म्हणणाऱ्यांचं म्हणणं जसंच्या तसं उचलते आणि त्यांच्यावरच उलटवते: वेद आमचे नाहीत, तर आमच्याकडे ग्रंथ नाही, ग्रंथ नाही म्हणजे धर्मही नाही, मग आमचा धर्म कोणता? ती हे थेट देवालाच विचारते. शेवटी आपल्याच लोकांकडे वळून शिका म्हणते. प्रतिपक्षाचं गृहीतक घेऊन त्याला कोपऱ्यात नेणं, हे आमच्या कंपनीतल्या आर्किटेक्टांनाही जमत नाही. तिच्या घरी गाईड नव्हतं. पण तुझं म्हणणं ऐकण्यालायक आहे, असं सांगणारी शाळा होती.

साचा हवाच असेल तर असा द्या ना: काय पाहिलं, त्यावरून काय वाटतं, जो पटवून घेणार नाही तो काय म्हणेल, त्याला उत्तर काय. यालाही मार्क देता येतात, आठाचे दोन-दोन करून. मुद्दे दिलेत का हे तपासता येतं, तर कारण दिलंय का हेही येतं.

असो. रविवारी सकाळी भाचीने रफ वहीत दीड पान लिहिलं. वरचा मजला, मैत्रिणीचे बाबा, टिप्पर, सगळं. तिचं म्हणणं रेती काढणं थांबवू नये, पण किती काढली ते गावाला कळावं. मी म्हटलं, आपल्या घराच्या रेतीची पावती होती का, ते आजोबांना विचार. तिने विचारलं. बाबा पेपरात डोकं घालून बसले. तेही तिने शेवटी लिहून टाकलं.

काल प्रिलिमचे मार्क कळले. पेपरात तिने गाईडचीच नदी लिहिली होती. आठपैकी सात. एक मार्क 'बर्फाच्छादित'च्या शुद्धलेखनाचा गेला.