अत्र्यांची लेखणी, विनायकांचा कॅमेरा

‘ब्रह्मचारी’चा विषय निघाला की आपण आचार्य अत्र्यांचं नाव घेतो आणि तिथंच थांबतो. १९३८च्या या चित्रपटाची कथा अत्र्यांची, यात वाद नाही. पण दिग्दर्शक मास्टर विनायक यांच्या वाट्याला ‘अभिनेत्री नंदाचे वडील’ एवढीच ओळख उरावी, हा अन्याय आहे. कोल्हापूरच्या या कलावंतानं १९३६ साली बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांच्यासोबत ‘हंस पिक्चर्स’ उभी केली. सुरुवात वि. स. खांडेकरांच्या गंभीर ‘छाया’नं झाली. पुढं अत्र्यांचे ‘ब्रह्मचारी’ आणि ‘ब्रँडीची बाटली’ आले, आणि १९४० मध्ये चिं. वि. जोशींच्या चिमणराव-गुंड्याभाऊंवरचा ‘लग्न पहावे करून’. अत्र्यांचा विनोद सभा गाजवणारा, वर्मावर बोट ठेवणारा, चिं. विं.चा माजघरातल्या फजितीचा. पण दोघांची पात्रं विनायकांच्या पडद्यावर आली की सारखीच जिव्हाळ्याची होतात. ‘ब्रँडीची बाटली’त दामुअण्णा मालवणकरांचा बगाराम औषधापुरती ब्रँडी मिळवायला वणवण करतो, तेव्हा आपण त्याच्या भाबडेपणाला हसतो, पण तो तुच्छ वाटत नाही. हा तोल एका लेखकाकडून दुसऱ्याकडं आपोआप जात नाही. तो दिग्दर्शकाचा आहे.

यावर आपल्या मराठवाड्यातून गंभीर आक्षेप येऊ शकतो. त्याच १९३८ साली नांदेड-लातूरचा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासारखा व्रतस्थ संन्यासी सत्याग्रह करून तुरुंगात जात होता. अशा वेळी व्रताची थट्टा कशी शोभते? पण ‘ब्रह्मचारी’ त्यागाला हसत नाही. त्याचा नायक औदुंबर ब्रह्मचर्याचं भाषण ऐकून भारावतो, भिंतीवरची नट्यांची चित्रं काढून टाकतो आणि मन जिंकल्याचं समजतो. विनायक हसतात ते या घाईला. ही भूमिका त्यांनी स्वतः केली, आणि औदुंबर कुठंही ढोंगी ठरू दिला नाही. मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या पोशाखातल्या गाण्यावर तेव्हा गहजब झाला. तरी त्या प्रसंगातली फजिती तिची नाही, औदुंबरच्या प्रतिज्ञेची आहे. अशीच निष्ठेची फजिती करत हॉलिवूडचा दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच यानं ‘निनॉच्का’त कडव्या सोव्हिएत अधिकारी बाईला प्रेमानं विरघळवलं ते १९३९ साली, म्हणजे विनायकांच्या वर्षभरानंतर. लुबिचवर जगभर ग्रंथ आहेत. आपल्याकडं विनायकांचा अभ्यास अत्र्यांच्या चरित्रातल्या एखाद्या प्रकरणात उरकतो.

पुढं विनायकांनी ‘प्रफुल्ल पिक्चर्स’ काढली, ‘बडी माँ’सारखे हिंदी चित्रपट केले, पण आधीची विनोदाची धार पुन्हा तितकी दिसली नाही, हे मान्य करायला हवं. १९४७च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी ते गेले. लुबिचही त्याच वर्षी गेला. तरीही विनायकांचं १९३८ ते १९४० या दोन-तीन वर्षांतलं काम पुरेसं आहे. लातूरच्या ट्यूशन एरियात आज हजारो मुलं करमणूक वर्ज्य करून परीक्षेच्या तयारीला बसलेली आहेत. औदुंबरची घालमेल त्यांना समजावून सांगावी लागणार नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठानं माध्यमांच्या विद्यार्थ्यांना ‘ब्रह्मचारी’ दाखवावा, आणि चर्चा दिग्दर्शनावर घ्यावी: कॅमेरा औदुंबरच्या चेहऱ्यावर किती वेळ थांबतो, आणि कुठं थांबत नाही.