स्प्रे मशीन घेताय? आधी भिंत बघा, मग रंगाऱ्याचं नाक



सध्या घराघरांत एक नवं खूळ शिरलंय. गॅरेजच्या उघड्या विटांच्या भिंती रंगवायच्या, म्हणून विजेवर चालणारं, हातात धरायचं स्प्रे मशीन आणायचं. दुकानदार म्हणतो, "काकू, दोन तासांत गॅरेज चकाचक. ब्रश नको, रोलर नको." मग तो वॅटचा आकडा सांगतो आणि घरातली पुरुषमंडळी माना डोलावतात. मी माझं मत आधीच सांगून टाकते. गिलावा न केलेल्या भिंतीसाठी हे छोटं मशीन विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं आहे. आणि मशीन छोटं असो की मोठं, ते चालवणाऱ्या माणसाच्या श्वासाचा विचार न करता आणणं हे त्याहून वाईट आहे.

आधी भिंतीचं बोलू. कोरी वीट पाण्यात टाकली की बुडबुडे येतात, हे बांधकामावर आपण सगळ्यांनी पाहिलंय. वीट जसं पाणी पिते तसाच रंग पिते. डब्यावर एका लिटरला अमुक चौरस फूट असं लिहिलेलं असतं, ते गुळगुळीत, प्रायमर मारलेल्या भिंतीचं. उघड्या विटेला तो हिशोब लावू नका. शिवाय विटांमधले सांधे आत गेलेले असतात. समोरून फवारा मारला की विटेच्या तोंडावर रंग बसतो आणि सांध्याच्या कडा कोऱ्या राहतात.

आता मशीनचं. हातातलं मशीन कमी दाबाच्या हवेने रंग उडवतं. भिंतीचा जाड रंग त्यातून नीट जात नाही, म्हणून तो पाणी घालून पातळ करावा लागतो. बऱ्याच मशीनच्या खोक्यात एक भोक असलेलं छोटं भांडं येतं. रंग त्यातून किती सेकंदांत गळतो ते मोजून पातळपणा ठरवायचा असतो. दुकानात ते भांडं कुणी दाखवत नाही. म्हणजे विटेला हवा जाड रंग आणि मशीनला हवा पातळ. पातळ रंग वीट गटागट पिते आणि दोनाऐवजी तीन-चार हात द्यावे लागतात. मग दोन तास कुठे राहिले?

मी कॉमर्सची, म्हणून थोडा हिशोब. गॅरेज १० फूट रुंद, १८ फूट खोल आणि ९ फूट उंच धरा. समोर शटर. दोन बाजूच्या भिंती ३२४ चौरस फूट, मागची ९०, एकूण ४१४. या छोट्या मशीनचं भांडं साधारण लिटरभराचं. ते भरायचं, संपवायचं, पुन्हा भरायचं. त्याआधी शटर, मीटर, फरशी, स्कूटर सगळं झाकायचं, कारण धुकं जिथे जाऊ नये तिथे आधी जातं. काम झालं की नोझल, नळी, भांडं लगेच धुवायचं, नाहीतर आत रंग वाळतो आणि मशीन कायमचं माळ्यावर जातं. बी.कॉम.ला आपण घसारा शिकलो तो कशासाठी? गॅरेज पाच-सात वर्षांतून एकदा रंगवायचं. मशीनच्या किमतीला त्याच्या वापराने भागा, म्हणजे स्वस्त काय ते कळेल.

कुणी म्हणेल, मग मोठं एअरलेस मशीन आणा. खरं आहे, विटेसाठी मशीनच हवं असेल तर तेच योग्य. त्यात हवा नसते, पंप रंगालाच दाबतो, त्यामुळे जाड रंगही जातो. पण ते भाड्याने आणावं आणि सोसायटीचं सगळं पार्किंग रंगवायचं असेल तेव्हाच आणावं. घेताना वॅट विचारू नका, टीप विचारा. टीपवर ५१७ असा आकडा असतो. पहिल्या अंकाची दुप्पट म्हणजे १० इंच, हा भिंतीपासून फूटभर अंतरावर पडणारा पट्टा. पुढचे १७ म्हणजे भोक इंचाच्या हजाराव्या भागांत. साध्या इमल्शनला १५ ते १९ चालतं, विटेची भोकं भरणाऱ्या जाड फिलरला याहून मोठं लागतं. आणि फवारा मारल्यावर रंग ओला असतानाच लांब लवेचा रोलर फिरवावाच लागतो, तेव्हाच तो भोकांत आणि सांध्यांत बसतो. म्हणजे "रोलर नको" म्हणणाऱ्याच्या मशीनमागे शेवटी रोलर आलाच!

या मशीनचा दाबही समजून घ्या. मोटारीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस पीएसआय हवा असते. एअरलेस मशीन ३,००० पीएसआयपर्यंत जातं. बोट टीपसमोर आलं तर रंग कातडीच्या आत घुसतो. वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं, पण हळद लावून बसायचं हे दुखणं नाही, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं. मशीन देणाऱ्यांपैकी किती जण हे सांगतात?

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. भिंतीला हात लावण्याआधी आपण सांध्यांतल्या मुंग्या, कोळी मऊ झाडूने हलकेच बाजूला करतो. यत्नाचार म्हणतो आपण त्याला, आणि तो हवाच, कारण फवारा कुणाला ओळखत नाही. पण त्याच भिंतीसमोर रंगारी तोंडाला रुमाल बांधून, एकाच शटरच्या कोंडलेल्या खोलीत, रंगाच्या धुक्यात तासन् तास उभा असतो. तो पंचेंद्रिय जीव नाही का? रुमालाने ते बारीक कण अडत नाहीत. पाण्याच्या रंगाला निदान नीट बसणारा एन-९५ मास्क आणि डोळ्यांना चष्मा द्या. विटा तारेच्या ब्रशने घासतानाही द्या, कारण ती धूळही फुप्फुसात जाऊन बसते. ऑइल पेंटचा फवारा गॅरेजमध्ये मारूच देऊ नका. त्याच्या वाफा साध्या मास्कने अडत नाहीत आणि गाडीच्या पेट्रोलशेजारी एक ठिणगी पुरते. "त्यांना सवय असते" हे वाक्य मला ऐकवू नका. फुप्फुसाला सवय होत नसते.

शेवटी घाईबद्दल. दिवाळीच्या आधी रंग झालाच पाहिजे, हा हट्ट गॅरेजपुरता तरी सोडा. पावसाळाभर भिजलेली वीट तेव्हा आतून ओली असते. वर रंग चढवला की आतलं पाणी त्याला ढकलतं, पांढरा खार फुटतो आणि पुढच्या वर्षी पोपडे पडतात. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतून थेंब दिसले तर थांबा. हिवाळा-उन्हाळा मोकळाच आहे.

एका गॅरेजसाठी माझा सल्ला असा. निखळलेल्या दर्जा भरून घ्या आणि तो सिमेंटचा माल महिनाभर सुकू द्या. भिंत झाडा, खार कोरड्या ब्रशने काढा, प्रायमर मारा, मग सांध्यांत ब्रश आणि वर लांब लवेचा रोलर. ओल कायमची असेल तर साधा चुनाच लावा, त्यातून भिंत श्वास घेते. दुकानदार पुन्हा वॅट सांगू लागला तर त्याला तीनच प्रश्न विचारा. न पातळ करता कोणता रंग यातून जातो? धुवायला किती वेळ लागतो? आणि चालवणाऱ्याने कोणता मास्क घालायचा? तिसऱ्याला तो गप्प बसला तर पर्स बंद करा आणि घरी या.