श्वानशावकांचे कृमी आणि वैद्याची मर्यादा

भाद्रपद सरून दोन-अडीच महिने लोटले की गावोगावी कुत्र्यांची पिल्ले दिसू लागतात. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असल्याने कार्तिक-मार्गशीर्षात हे चित्र सर्वत्र आढळते. करमाळा तालुक्यातील केम हे कुंकवाच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध असलेले आमचे गाव व त्याभोवतीच्या वाड्या-वस्त्याही याला अपवाद नाहीत. शेतातील वस्तीस राखण हवी, मेंढपाळास कळपामागे कुत्रा हवा, आणि खंडोबाच्या भक्ताघरी तर कुत्र्याला मानच असतो. त्यामुळे पोट फुगलेले, केस विस्कटलेले आणि अंगभर पिसवा झालेले पिल्लू पाहून घरातील मोठी माणसे दवाखान्यात येतात व स्वतःचे औषध घेता घेता सहज विचारतात, “डॉक्टर, पिल्लाला जंत झालेत, आपल्यातलं काही देता का?”

प्रश्न साधा आहे, विचारणाऱ्याचा हेतू दयेचा आहे, आणि वैद्याच्या कपाटात कृमिघ्न औषधे भरपूर असतात. याच तीन कारणांनी ‘देतो’ असे उत्तर सहज निघून जाते. ते निघू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यामागील कारणे आम्ही वैद्यबंधूंच्या विचारार्थ येथे मांडत आहोत.

पहिले कारण आपल्याच औषधांत दडलेले आहे. कृमिरोगावर आपण सर्रास वापरतो तो कृमिमुद्गर रस घ्यावा. पारद, गंधक, अजमोदा, विडंग, विषमुष्टी आणि पलाशबीज अशी त्याची घडण आहे. विषमुष्टी म्हणजे कुचला, आणि कुचल्यातील प्रमुख विष म्हणजे स्ट्रिक्नीन. भटकी कुत्री मारण्यासाठी एके काळी हेच विष वापरले जात असे. शोधनाने त्याची तीव्रता कमी होते, पण ते नाहीसे होत नाही. साठ किलो वजनाच्या मनुष्यासाठी ठरवलेल्या गोळीचा अर्धा तुकडा एक किलोच्या पिल्लाच्या तोंडात घालणे म्हणजे काय, याचा हिशेब वैद्याने स्वतःशीच करावा. शिवाय हा केवळ वजनाच्या भागाकाराचा प्रश्न नाही. तीन आठवड्यांच्या पिल्लाचे यकृत अद्याप परिपक्व झालेले नसते आणि औषध पचवून बाहेर टाकण्याची श्वानशरीराची रीत मनुष्याहून वेगळी असते.

दुसरे उदाहरण लसणाचे. लशुन कृमिघ्न आहे हे आपण सारे शिकलो आहोत. परंतु कांदा-लसूण वर्गातील द्रव्यांनी कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, हे पशुवैद्यकात सुप्रस्थापित आहे. अंकुशकृमी व पिसवा या दोहोंनी आधीच ज्याचे रक्त शोषले आहे, त्या पांडुर पिल्लाला लसणाचा रस पाजणे म्हणजे रोगालाच साहाय्य करणे होय. कडुनिंबाच्या तेलाविषयीही सावध असावे. मानवी अर्भकांना ते पोटातून दिल्याने गंभीर विषबाधा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत, आणि पिल्लाच्या अंगाला चोळलेले तेल ते पिल्लू व त्याची आई चाटून पोटातच घेतात. पिसवांसाठी तंबाखूचे पाणी, रॉकेल, डांबरगोळ्यांची पूड किंवा पिकावर फवारायचे कीटकनाशक वापरण्याची चाल तर त्याहून घातक आहे. शाळेत जंतनाशक दिनी मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी उरली म्हणून पिल्लाला देणे हेही तितकेच अयोग्य. कुत्र्यात ह्या औषधाने अस्थिमज्जेतील रक्तनिर्मिती मंदावू शकते.

येथे काही वैद्यबंधू आक्षेप घेतील की आयुर्वेद हे सर्व प्राणिमात्रांचे शास्त्र आहे. वृक्षायुर्वेद आहे, हस्त्यायुर्वेद आहे, मग श्वानाचे वावडे का? आमच्या मते ही परंपराच आमच्या म्हणण्याला पुष्टी देते. पालकाप्याने हत्तींसाठी वेगळा ग्रंथ रचला, शालिहोत्राचे नाव अश्वचिकित्सेशी जोडले गेले. मनुष्यासाठी सांगितलेली चिकित्सा जशीच्या तशी हत्ती-घोड्यांना चालली असती, तर हे ग्रंथ रचण्याचे प्रयोजनच नव्हते. प्रकृती, अग्नी, बल आणि मात्रा यांचा विचार जातीगणिक निराळा करावा लागतो, हे पूर्वाचार्यांना पूर्णपणे ठाऊक होते. आपली पदवी मानवी चिकित्सेची आहे. कायद्यानेही हेच सांगितले आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ याच्या कलम ३० नुसार पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करावयाचा आहे. आपल्या क्षेत्रात अनधिकृत व्यक्तींनी शिरू नये असा आग्रह आपण धरतो. तोच न्याय दुसऱ्याच्या क्षेत्राला लावणे हे सचोटीचे लक्षण आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा असतो. पशुवैद्यकीय दवाखाना दूर, तेथील डॉक्टर गाई-म्हशींच्या कामात गुंतलेले, आणि गावठी पिल्लासाठी पैसे खर्च करणार कोण? ही अडचण खरी आहे. परंतु जवळ असणे ही योग्यता नव्हे. पिल्लांना द्यावयाचे पायरँटेलसारखे पातळ औषध महागडे नाही. प्रत्येक पिल्लाचे वजन करून पशुवैद्यकाने मात्रा एकदा ठरवून दिली की पुढील मात्रा घरीही देता येतात.

या कामात वेळेला फार महत्त्व आहे. कुत्र्याचे गोलकृमी आईच्या शरीरातून गर्भावस्थेतच पिल्लात उतरतात आणि पुढे दुधावाटेही जातात. अंकुशकृमी प्रामुख्याने दुधावाटे येतात. म्हणजे आईजवळून न हललेले पिल्लूसुद्धा कृमिग्रस्त असू शकते, व तिसऱ्या आठवड्यापासून त्याच्या विष्ठेत अंडी पडू लागतात. म्हणून दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात व त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा जंतनाशक द्यावे आणि पिल्लांबरोबर आईलाही द्यावे, असा पशुवैद्यकाचा प्रघात आहे. पोट फुगल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही.

पिसवांची गोष्ट याच्याशी जोडलेलीच आहे. पिसूच्या पोटातून पट्टकृमीची बाधा होते; अंग चावताना पिल्लू पिसू गिळते आणि कृमी आत जातात. म्हणून पिसवा न घालवता पट्टकृमीचे औषध दिले तर बाधा पुन्हा होते. पिसवांवरील बहुतेक औषधे आठ आठवड्यांखालील पिल्लांसाठी नसतात. त्या वयात बारीक फणीने पिसवा काढून साबणाच्या पाण्यात टाकणे, कोमट पाण्याने अंग धुऊन लगेच कोरडे करणे व पिल्लास उबेत ठेवणे हाच सुरक्षित मार्ग होय. पिसूची अंडी व अळ्या अंगावर नसून अंथरुणात असतात. तेव्हा गोणपाट गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवणे हे अर्धे औषध आहे. हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील तर मात्र घरगुती उपायात एक दिवसही घालवू नये.

मग वैद्याने हात झटकून मोकळे व्हावे काय? मुळीच नाही. आमच्या मते आपले खरे काम येथूनच सुरू होते. कुत्र्याच्या गोलकृमीची अंडी अंगणातील मातीत काही आठवड्यांत बाधक होतात आणि पुढे वर्षानुवर्षे टिकतात. मातीत खेळणारे मूल ती गिळते. मनुष्यशरीरात हा कृमी पूर्ण वाढत नाही. त्याची अळी यकृत, फुप्फुस, क्वचित डोळ्यात भटकत राहते. दीर्घकाळचा ताप, खोकला, वाढलेले यकृत, रक्तात इओसिनोफिल पेशींची वाढ ही लक्षणे दिसतात, तर डोळ्यात अळी गेल्यास दृष्टीही जाऊ शकते. अशा मुलाच्या मलपरीक्षणात अंडी सापडत नाहीत, कारण अंडी घालणारा कृमी तेथे नसतोच. ‘शौचात जंत नाहीत’ एवढ्यावरून निश्चिंत होणारा वैद्य येथे फसतो.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातव्या अध्यायात वीस प्रकारच्या कृमींचे वर्णन असून अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन अशी त्रिविध चिकित्सा सांगितली आहे. ऊतींमध्ये रुतलेल्या अळीचे अपकर्षण करता येत नाही. म्हणून या रोगात निदानपरिवर्जनाला सर्वाधिक महत्त्व येते, आणि ते तर पूर्णपणे आपल्या आवाक्यातील आहे. कृमींची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक बालकाच्या पालकांना ‘घरी कुत्र्याची पिल्ले आहेत काय, त्यांना जंतनाशक दिले आहे काय’ हा प्रश्न विचारावा. पिल्लांची विष्ठा रोज उचलून खोल पुरावी, मुलांनी पिल्लाशी खेळून झाल्यावर हात धुवावेत, मेंढपाळांनी कापलेल्या मेंढीची कच्ची आतडी-काळीज कुत्र्यांपुढे टाकू नये, हे त्यांना समजावून सांगावे. यातील शेवटच्या सवयीतूनच मनुष्यात यकृतातील जलकोष्ठ निर्माण करणारा कृमी पोसला जातो.

आणखी एक लाभ आहे. जंतनाशकासाठी पशुवैद्यकाकडे एकदा गेलेले पिल्लू तिसऱ्या महिन्यात रेबीजच्या लसीसाठीही जाते. सुश्रुताने कल्पस्थानात अलर्कविषाचे जे भयानक रूप वर्णिले आहे, त्याची लक्षणे दिसू लागल्यावर आजही रोगी वाचणे जवळपास अशक्य आहे. आपण दिलेल्या अर्ध्या गोळीने ही वाटच बंद होत असेल, तर ते औषध नव्हे.

आपल्या संघटनेच्या तालुका शाखांनी येत्या मार्गशीर्षात चंपाषष्ठीच्या सुमारास स्थानिक पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांस सोबत घेऊन पिल्लांसाठी जंतनाशक व लसीकरणाचा एक दिवस ठरवावा, अशी आमची सूचना आहे. औषध त्यांनी द्यावे. पालकांना गोळा करण्याचे व मुलांच्या आरोग्याविषयी बोलण्याचे काम आपण करावे. गावकऱ्यांचा वैद्यावर विश्वास आहे. त्या विश्वासाच्या बळावर पिल्लाला योग्य दारी पाठवणे हीच येथे वैद्याची चिकित्सा होय.