ना वकील, ना अपील

सरहद्दीवर दहशतवाद वाढला, की आपल्याकडची मंडळी दोनच उपाय सांगतात. कुंपण घाला आणि फौज पाठवा. मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, आधी तिथल्या माणसांना कायदा कुठला लावला होता, ते बघा.

पाकिस्तान-अफगाणिस्तान सीमेवरचा वझिरिस्तान, खैबर, बाजौर हा पठाण टोळ्यांचा पट्टा घ्या. इंग्रजांनी १८९३ मध्ये ड्युरँड रेषा ठरवली आणि १९०१ मध्ये या पट्ट्यासाठी सरहद्द गुन्हे नियमावली आणली. एकानं गुन्हा करायचा आणि शिक्षा अख्ख्या टोळीनं भोगायची! दंड, अटक, घर जमीनदोस्त. इंग्रज गेले, पण नियमावली राहिली. ‘ना वकील, ना दलील, ना अपील’ असंच लोक तिला म्हणत. सगळ्या प्रौढांना मत देता आलं ते १९९७ च्या निवडणुकीत. दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी बायकांना आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना धरायचं नाही, एवढं ठरायला २०११ साल उजाडलं. बायांनो, हे साल नीट लक्षात ठेवा.

या पट्ट्यात शाळा, दवाखाने धड पोचले नाहीत. बंदुका मात्र बरोबर पोचल्या. १९७९ मध्ये रशियन फौजा अफगाणिस्तानात आल्या, तेव्हा अमेरिका आणि सौदी अरेबियाचा पैसा पाकिस्तानी हेरखात्यामार्फत लढवय्यांना मिळाला. तेव्हा ते सगळ्यांचे लाडके होते!

‘गरिबी आहे म्हणून अतिरेकी होतात’ हेही मला पटत नाही. तो गरिबांचा अपमान आहे. ओसामा बिन लादेन काही उपाशी घरचा नव्हता. कोट्यवधी गरीब माणसं निमूटपणे राबतात, कुणावर गोळी झाडत नाहीत. पण जिथं कोर्ट नाही, तक्रार ऐकणारं कुणी नाही, तिथं बंदूकवाला न्यायाधीश होऊन बसतो. त्याला अडवू पाहणारे टोळ्यांचे शेकडो मलिक मारले गेले. मुलींच्या शाळा स्फोटांनी उडवल्या. २०१२ मध्ये वझिरिस्तानात पोलिओच्या लसीवर बंदी घातली. आणि २०१४ मध्ये फौजेनं उत्तर वझिरिस्तानात कारवाई केली, तेव्हा लाखो लोकांनी घरं सोडली. चूल मोडली कुणाची? बाईचीच ना?

पाकिस्ताननं २०१७ पासून कुंपण घातलं. २०१८ मध्ये हा पट्टा खैबर पख्तुनख्वा प्रांतात सामील केला. तरी २०२१ नंतर हल्ले पुन्हा वाढलेच.

कुंपण नको, असं माझं म्हणणं नाही. घराला दार लागतंच. पण दाराला कडी घालून आतल्यांना वाऱ्यावर सोडणं, याला घर राखणं म्हणत नाहीत. ‘एकदाचं ठोकून काढा’ म्हणणाऱ्याला म्हणून एवढंच विचारा: ठोकून झाल्यावर तिथं कोर्ट कोण उघडणार, शाळा कोण चालवणार? याचं उत्तर नसेल, तर तो सुरक्षेचं बोलत नाही. नुसता राग काढतोय.