झिरी बुजण्याआधी

‘घर माझं, भिंत माझी, पैसे माझे; मग वायरिंग बदलायला परवानाधारकच कशाला हवा?’ असं विचारणारे बहुधा पुढे हेही जोडतात, की सरकारला बल्ब बदलायलाही कागद लागतो. हे साफ खोटं आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतल्या ४५ व्या नियमाने दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्याची मोकळीक दिलीच होती. मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलणारं काम मात्र परवानाधारक कंत्राटदाराकडून, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करून घ्यायचं.

‘आमचा वायरमन वर्षानुवर्षं हेच करतोय,’ हा युक्तिवाद जास्त वजनदार. असेल त्याचा हात बसलेला. वाद हाताचा नाहीच. कन्सील्ड वायरिंगची झिरी बुजून रंग लागला, की आत दीड चौरस मिलिमीटरची तार आहे की चारची, हे मालकाला कळायला मार्ग नाही. दोन किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो. त्याच तारेवर एसी चढवला, तर बारीक तार आतल्या आत तापत राहते. ‘एमसीबी आहे ना!’ आहे, पण सारखा पडतो म्हणून मोठा बसवून घेण्याची आपली रीत कोणाला ठाऊक नाही? शिवाय एमसीबी तार वाचवतो. शॉकपासून माणूस वाचवायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, आणि तो बोर्डात नसला, तरी तक्रारीशिवाय वर्षं निघून जातात.

उरला शेवटचा आक्षेप: परवानाधारकाने द्यायच्या वायरिंगच्या टेस्ट रिपोर्टवर जागा न पाहताच सह्या होतात. होतात, कबूल. पण सही विकली जाते म्हणून तपासणीच नको, हा कुठला न्याय? खरी पळवाट वेगळीच आहे. नव्या कनेक्शनला टेस्ट रिपोर्ट मागतात. मीटर तोच ठेवून आख्खं घर नव्याने वायर केलं, तर सहसा कोणी फिरकत नाही. म्हणून मालकानेच मागावं: तारांचं इन्सुलेशन तपासणाऱ्या ५०० व्होल्टच्या मेगरचं रीडिंग, किमान १ मेगाओहम, अर्थिंगची तपासणी, आरसीसीबी प्रत्यक्ष पाडून दाखवणं, झिरी उघडी असतानाचे फोटो. आणि हे सारं परवाना क्रमांक घातलेल्या कागदावर. राडारोड्यासाठी डिपॉझिट घेणाऱ्या सोसायट्यांना नूतनीकरण संपल्यावर हा एक कागद मागणं जड जाऊ नये.